बराखीतल्या वाऱ्याचा जमाखर्च

जुन्नरच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटात, भर पावसाळ्यात पाणी वर जातं. कड्यावरून ते खाली झेपावतं, कोकणातून चढून आलेला वारा त्याला मधेच गाठतो आणि उलटं पठारावर भिरकावून देतो. चमत्कार वाटतो ना? आता यातले आकडे ऐका. एक मिलिमीटरचा थेंब शांत हवेतून पडताना सेकंदाला साधारण ४ मीटरच्या पुढे वेग घेऊच शकत नाही. हवाच त्याला रोखून धरते. पावसाचा सगळ्यात टपोरा थेंबसुद्धा सेकंदाला ९ मीटरच्या आसपास अडकतो. म्हणजे कड्यावरून वर चढणाऱ्या वाऱ्याने ताशी १५ किलोमीटर गाठले की बारीक थेंब अधांतरी राहतात आणि ताशी ३३ किलोमीटर ओलांडले की कुठलाच थेंब खाली यायला राजी नसतो!

नाणेघाटात वारा दिसतो, कारण त्याच्या हाती पाणी लागलेलं असतं. तिथून पूर्वेला ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, मंचरकडे सरकलात की तोच वारा दिसेनासा होतो. काम मात्र थांबवत नाही. या पट्ट्यात शिवारोशिवारी कांद्याच्या बराखी उभ्या आहेत, म्हणजे सरकारी योजनेच्या कागदावरच्या कांदा चाळी. उन्हाळी कांदा चांगला भाव मिळेपर्यंत चार-पाच महिने तिथे राहतो. बराखीला ना पंखा, ना मोटर. तिथे राबतो तो फक्त वारा. हा वारा आत नेमका कुठून शिरतो? कुठे अडतो? कुठल्या कोपऱ्यात पोचतच नाही? ढिगाला हात न लावता हे बघता येईल का?

येतं. साध्या लॅपटॉपवर येतं, फुकटात येतं. आणि ज्या युक्तीमुळे ते जमतं, ती शोधणाऱ्या दोघांपैकी एक जण पुण्याचा आहे.

आधी कांद्याकडे बघू. काढलेला, सुकवलेला, पात कापलेला कांदा जिवंतच असतो. तो श्वास घेतो. ऑक्सिजन आत घेतो, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ बाहेर टाकतो, आणि सोबत उष्णताही. किती उष्णता? तापमान २० अंश असेल तर टनामागे सुमारे ५० वॉट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण २५ टनांच्या बराखीचा हिशेब करा: साडेबाराशे वॉट, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने! त्यात आणखी एक मेख आहे. ढीग तापला की कांद्याचा श्वास वाढतो, श्वास वाढला की ढीग आणखी तापतो.

मग कांदा गार ठेवला की झालं, असं वाटेल. पण कांदा आपल्याला इतक्या सहज सुटू देत नाही. शून्य-दोन अंशांवर तो छान टिकतो. २५ ते ३० अंशांवरही टिकतो. मधल्या, आपल्याला सुखाच्या वाटणाऱ्या १० ते २० अंशांत मात्र त्याला भराभर कोंब फुटतात! शीतगृहाचा खर्च टाळायचा तर उरते ती २५ ते ३० अंशांची पट्टी, आणि सोबत ६५ ते ७० टक्के आर्द्रता. हवा दमट झाली की काजळी आणि सड, फार कोरडी झाली की वजनात घट. ही अरुंद वाट सांभाळायचं काम बराख वाऱ्यावर सोपवते.

हा वारा असतो तरी किती? २५ टनांची दोन पाखी बराख घ्या. दोन कप्पे, प्रत्येक सुमारे १२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि त्यात दीड मीटर उंचीचा ढीग. एकूण ४३ घनमीटर. गोल वस्तू नुसत्या ओतल्या की मधे साधारण ४० टक्के पोकळी राहते. म्हणजे ढिगात हवा आहे जेमतेम १७ घनमीटर. जुन्नरच्या उंचीवर, उन्हाळ्यात, तिचं वजन भरतं अठरा-एकोणीस किलो. पंचवीस हजार किलो कांद्याची जबाबदारी एकोणीस किलो हवेवर!

ती हवा सतत बदलत राहिली तरच हे जमतं. बराखीतून सेकंदाला एक घनमीटर हवा वाहत असेल तर कांद्याची सगळी उष्णता घेऊनही ती जेमतेम एका अंशाने तापते. तोच प्रवाह दशांशावर आला, तर बाहेर पडणारी हवा सुमारे अकरा अंशांनी तापलेली असते. एक घनमीटर म्हणजे सोसाट्याचा वारा वाटतो का? बराखीच्या लांब बाजूचं क्षेत्रफळ १८ चौरस मीटर. त्यातून सेकंदाला एक घनमीटर हवा जायची तर वेग लागतो सेकंदाला पाच-सहा सेंटिमीटर. ही झुळूक गालाला जाणवणारसुद्धा नाही. कांदा तगतो तो तिच्यावर.

आणि बाहेर पान हलत नसेल तेव्हा? तेव्हा ढीग स्वतःच वारा तयार करतो. आतली हवा तापते, हलकी होते, वर जाते. तिच्या जागी दीड-दोन फूट उचललेल्या तळाच्या फटींतून गार हवा शिरते. दीड मीटरच्या ढिगात आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा पाच अंशांनी गरम असेल, तर हवेला ढकलणारा दाबाचा फरक किती भरतो माहीत आहे? चौरस मीटरमागे २७ ग्रॅम वजनाइतका. वातावरणाच्या एकूण दाबाचा सुमारे साडेतीन लाखावा भाग! इतक्या नगण्य फरकावर बराखीचा श्वास चालतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत दाबाचीच आहे.

हवा कशी वाहते याचे नियम आपल्याला ठाऊक आहेत, आणि तेही जुने. फ्रान्सच्या नाव्हिएने १८२२ मध्ये आणि केंब्रिजच्या स्टोक्सने १८४५ मध्ये ते समीकरणांत बसवले. नियम सांगायला सोपे आहेत. हवा नाहीशी होत नाही. तिला ढकललं तर तिचा वेग बदलतो. उष्णता कुठून तरी येते आणि कुठे तरी जाते. बस्स! पण या नियमांवरून बराखीतल्या वाऱ्याचं थेट सूत्र मांडायला जा, हात टेकावे लागतात. हवेचा प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यावर अवलंबून असतो आणि तो शेजारी उलट याच्यावर.

मग सॉफ्टवेअर काय करतं? सूत्राचा नादच सोडतं. बराखीची सगळी जागा छोट्या-छोट्या चौकोनी खणांत कापतं आणि प्रत्येक खणाला जमाखर्चाची एक वही देतं. डावीकडून किती हवा आली, उजवीकडे किती गेली? खालून किती उष्णता आली, वर किती गेली, आतल्या कांद्याने किती भर घातली? शेजारच्या खणाच्या वहीत जो खर्च, तोच या खणाच्या वहीत जमा. प्रत्येक वही जुळली पाहिजे, एवढीच अट. हवामान खात्याचा अंदाज, विमानाचा पंख, मोटारीचं इंजिन, मोबाइलमधली चिप गार ठेवण्याचा विचार, या सगळ्यांच्या मुळाशी हीच वही आहे.

खण दहा सेंटिमीटरचे धरले तर आपल्या ढिगात बसतात ४३,२००. अधिक बारकावा हवा म्हणून पाच सेंटिमीटरचे केले तर दुप्पट होतील? नाही, आठपट! लांबी, रुंदी, उंची तिन्ही बाजूंनी दुप्पट होतात ना. एकदम साडेतीन लाखांच्या घरात. शिवाय बराखीभोवतीची मोकळी हवाही कापावी लागते, ती वेगळीच.

आणि कांदे? ते एकेक काढायचे का? लाखो कांदे? इथे मदतीला येतो फ्रान्सच्या दिजाँ शहराला पाणी पुरवणारा हेन्री दार्सी. १८५६ मध्ये त्याने वाळूतून पाणी किती झिरपतं ते मोजलं आणि दाखवलं की वाळूच्या कणाकणाचा विचार करायची गरजच नाही. वाळू पाण्याला किती अडवते हा एक आकडा पुरतो. हवेचा वेग वाढला की त्यात दुसरा एक आकडा मिळवतात. सॉफ्टवेअरमध्ये कांदा दिसत नाही. कांद्याच्या जागेवरचा खण फक्त वाऱ्याकडून थोडा वेग काढून घेतो आणि त्याला थोडी उष्णता देतो.

अशीच हिकमत जुन्नर तालुक्यात आणखी एका ठिकाणी, फार भव्य रूपात उभी आहे. खोडदजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ १,६०० चौरस मीटर. इतका मोठा पत्रा वाऱ्यात उभा केला असता तर? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तो पेलायला लागणाऱ्या पोलादाच्या खर्चानेच प्रकल्प बसला असता. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकडी पत्र्याऐवजी बारीक तारांच्या जाळीची केली. भोकं एक-दोन सेंटिमीटरची. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी वीस सेंटिमीटर आणि त्याहून लांब, त्यांना ही जाळी सलग आरसाच वाटते. वाऱ्याला मात्र ती जवळजवळ मोकळी वाट. कांद्याचा ढीग आणि दुर्बिणीची तबकडी, दोघांनाही सॉफ्टवेअर एकच प्रश्न विचारतं: वाऱ्याला तू किती अडवतेस?

वह्या तयार झाल्या, आता बेरजा मारायच्या. हा प्रयत्न संगणकाच्या आधीही झाला होता. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रजाने पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवता चालवता युरोपवरची हवा खणांत कापली आणि फक्त सहा तासांचा अंदाज हाताने काढला. त्याला सुमारे सहा आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकलं! १९२२ च्या पुस्तकात त्याने स्वप्न मांडलं ते ६४,००० माणसांचं: एका प्रचंड गोल सभागृहात बसून जगभरच्या हवेचा हिशेब एकाच वेळी करणाऱ्या माणसांचं. आज तुमच्या टेबलावरचा लॅपटॉप त्या सभागृहाला कधीच मागे टाकून गेला आहे.

पण नुसता वेगवान संगणक पुरत नाही. वाटेत एक विचित्र अडचण उभी राहते. उष्णतेला स्वतःचं समीकरण आहे. वेगालाही आहे. हवेला ढकलतो तो दाब. आणि आपल्या बराखीतल्यासारख्या संथ वाऱ्यात नेमकं दाबालाच स्वतःचं समीकरण नाही! दाब कळल्याशिवाय वेग काढता येत नाही, आणि वेग बरोबर आहे की नाही हे कळायला दाब बरोबर हवा. सुरुवात करायची तरी कुठून?

आता सुहास पाटणकरांना भेटू या. जन्म १९४१, पुणे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी, १९६४ मध्ये आयआयटी मुंबईतून एम. टेक., १९६७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून पीएच. डी. तिथले त्यांचे गुरू ब्रायन स्पाल्डिंग. या गुरुशिष्यांनी १९७२ मध्ये जो उपाय छापला, तो ऐकून तुम्ही म्हणाल, 'एवढंच?'

त्यांनी सांगितलं, दाब माहीत नाही ना? मग खुशाल अंदाज करा! कुठलाही आकडा घ्या. त्या दाबाने हवा ढकला आणि वेग काढा. वेग अर्थातच चुकीचे येतील. आता वह्या उघडा. एखाद्या खणात जेवढी हवा आली त्यापेक्षा कमी बाहेर गेली, म्हणजे हवा तिथे तुंबली? मग तिथला दाब वाढवा, जास्तीची हवा आपोआप बाहेर ढकलली जाईल. एखाद्या खणात तूट आली? तिथला दाब कमी करा. पुन्हा वेग काढा, पुन्हा वह्या तपासा. अशा शेकडो, कधी हजारो फेऱ्या. दर फेरीला चूक थोडी कमी. शेवटी एकही वही अडत नाही, आणि मुळात मनाने घेतलेला दाब खऱ्या दाबापाशी येऊन पोचलेला असतो!

थांबा आणि हे पुन्हा एकदा मनात घोळवा. अंदाज चुकला तरी चालतं, कारण चूक कुठल्या खणात आहे आणि कुठल्या दिशेने आहे हे चूकच सांगते. चौरस मीटरमागे सत्तावीस ग्रॅमचा तो नाजूक फरक असा हाती लागतो.

यातही एक खाचखळगा आहे. सुचवलेली दुरुस्ती सगळीच्या सगळी केली तर हिशेब उधळतो. आकडे एकदा वर, एकदा खाली झेपा घेतात आणि फुटतात. म्हणून दाबाची दुरुस्ती साधारण तीस टक्केच करायची आणि सत्तर टक्के सोडून द्यायची. घाई कमी केली की उत्तर लवकर मिळतं!

या पद्धतीचं लांबलचक इंग्रजी नाव आद्याक्षरांनी आवळून झालं 'सिंपल'. पाटणकर पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि १९८० मध्ये या विषयावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांचं पहिलं पाऊल ठरलं.

आता तुमचं पहिलं पाऊल. ओपनफोम हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्याचं मूळ त्याच इम्पीरियल कॉलेजात आहे. २००४ पासून ते सगळ्यांना मोफत खुलं आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प ते शिकायला मदत करतो. आत डोकावलात तर एका भागाचं नाव दिसेल 'सिंपलफोम', आणि तापलेली हवा वर चढते त्या प्रश्नांसाठीच्या भागाचं 'बॉयंटसिंपलफोम'. पन्नास वर्षांपूर्वीची ती युक्ती तिथे नावासकट नांदते आहे.

लगेच बराख काढायला बसू नका. सोबत येणारा पहिला धडा आहे एका चौकोनी डब्याचा. दहा सेंटिमीटरचा डबा, आत द्रव, आणि वरचं झाकण सेकंदाला एक मीटरने सरकतंय. खण फक्त ४००. आज्ञा दिली की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर तयार. आणि पडद्यावर काय दिसतं? झाकण सरकतंय सरळ रेषेत, आतला द्रव मात्र गोल भोवरा घालतोय! भोवऱ्याबद्दल आपण एक अक्षरही सांगितलं नव्हतं. आपण फक्त वह्या जुळवल्या. भोवरा आपोआप उगवला.

मग बराखीकडे वळा, पण पूर्ण बराख नको, तिचा एक उभा काप पुरे. उचललेला तळ, ढीग, वर छप्पर, भोवती मोकळी हवा. कापाच्या कडांवर काय घडतंय ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं: पश्चिमेकडून वारा किती वेगाने येतो, किती तापलेला येतो, छप्पर किती तापलंय. छपराला कमी लेखू नका. तापलेल्या पत्र्याची धग मधल्या हवेची वाट न बघता थेट वरच्या थरातल्या कांद्यावर उतरते. मग ढिगाला दोन आकडे द्या, किती अडवतो आणि किती तापवतो, आणि फेऱ्या सुरू करा. वाऱ्यातले मिलिमीटरभर भोवरे दहा सेंटिमीटरच्या खणात मावणार नाहीत. त्यांचा सरासरी परिणाम धरायची सोयही सॉफ्टवेअरमध्येच आहे. तिचं सगळ्यात प्रसिद्ध रूप १९७४ मध्ये लाँडर आणि त्याच स्पाल्डिंग यांनी मांडलं.

चित्र रंगीत येतं, देखणं येतं, आणि म्हणूनच ते तपासायचं असतं. खण अर्ध्या मापाचे करून पुन्हा चालवा; उत्तर बदललं तर आधीचे खण फार मोठे होते. आणि ढिगात तीन-चार तापमापी खोचा. चित्र आणि तापमापी भांडले तर तापमापीचं ऐका.

या सगळ्यावर कळस चढवणारी एक गोष्ट अजून बाकी आहे. ज्या समीकरणांवर हे सगळं उभं आहे, त्यांना तिन्ही मितींत प्रत्येक वेळी सुरळीत उत्तर असतंच का, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही! २००० मध्ये अमेरिकेतल्या क्ले संस्थेने त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते अजून कोणी उचललेलं नाही. जगातले पहिल्या फळीचे गणिती या प्रश्नाशी झुंजताहेत, आणि इकडे मंचरच्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याच समीकरणांतून आपल्या बराखीचा गरम कोपरा सापडू शकतो.

मग विचारा हवे ते प्रश्न. एक पाखी बराख दक्षिणोत्तर आणि दोन पाखी पूर्व-पश्चिम बांधावी, असं कृषितज्ज्ञ सांगतात; फिरवून बघा, काय बिघडतं? ढीग पाच फुटांऐवजी सात फूट केला तर? तळ आणखी फूटभर उचलला तर? शेजारी दुसरी बराख उभी राहिली तर वारा किती अंतरावर पुन्हा सावरतो? खरी बराख फिरवायची तर ती मोडून पुन्हा बांधावी लागेल आणि उत्तरासाठी अख्खा हंगाम थांबावं लागेल. इथे एक आकडा बदला, फेऱ्या सुरू करा आणि चहा घेऊन या.